खाडीच्या अलीकडे झोपायचं की पलीकडे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून दोन गाड्या, आठ माणसं. त्यात ७४ वर्षांच्या आई आणि ६ व ११ वर्षांची मुलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आठ दिवस, दिवेआगरपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राकाठच्या रस्त्याने. सात रात्री सात ठिकाणी, सगळ्या खोल्या 'सी व्ह्यू', आणि कुठली हॉटेलं घ्यावीत ते सांगा.

हॉटेलांची नावं मी सांगत नाही. गेली बावीस वर्षं मी या पट्ट्यात लोकांच्या सहली आखून देतोय, आणि ज्या घरी तीन वर्षांपूर्वी उत्तम सोय होती तिथे मुलगा मुंबईला गेला, काकू थकल्या आणि आता सगळं भाड्याने दिलंय, असं दरवर्षी कुठे ना कुठे होतं. नाव शिळं होतं. निवडायची रीत शिळी होत नाही, म्हणून तीच सांगतो.

आधी सात ठिकाणांचा बेत मोडा. सागरी महामार्ग म्हणतात त्याला, पण महामार्ग म्हणून मुंबई-गोव्याचा रस्ता डोळ्यासमोर आणू नका. एक गाव उतरायचं, पूल किंवा साकव ओलांडायचा, वळणं घेत सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर, चढायचं, पुन्हा पुढच्या गावात उतरायचं, असा हा रस्ता आहे. गावातून जाताना समोरून एसटी आली की एकाने मागे घ्यायचं. ताशी तीस किलोमीटर धरा, म्हणजे फसगत होणार नाही. त्यात रोज सकाळी आठ जणांचं सामान दोन डिक्क्यांत भरायचं, रोज संध्याकाळी उतरवायचं. तिसऱ्या दिवशी मुलं चिडतात, चौथ्या दिवशी मोठी. आई काही बोलणार नाहीत, पण सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होईल.

माझ्या मते मुक्काम चारच. दिवेआगरला एक रात्र, दापोलीजवळच्या मुरूड-आंजर्ले भागात दोन, रत्नागिरीत दोन आणि मालवणच्या बाजूला दोन. वेंगुर्ला या खेपेला दुपारपुरतं पाहा किंवा सोडूनच द्या.

आता मूळ मुद्दा. कोकणात हॉटेल समुद्र बघून निवडतात, निवडायला हवं ते खाडी बघून. तुमच्या वाटेवर तीन मोठ्या खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या आहेत. सावित्रीची बाणकोट खाडी (बागमांडला ते वेशवी), वाशिष्ठीची दाभोळ खाडी (दाभोळ ते धोपावे) आणि शास्त्रीची जयगड खाडी (तवसाळ ते जयगड). गाडी बोटीत घालायची, पाणी ओलांडायचं, पलीकडे उतरायचं. मुलांना ही बोट किल्ल्यांपेक्षा जास्त आवडते, हा माझा अनुभव. पण बोट रात्रभर चालत नाही, आणि चुकली तर पर्याय फार महाग पडतो. दाभोळच्या जेट्टीवर उभं राहिलं की समोर धोपावे दिसतं. गाडीने जायचं तर चिपळूणवरून शंभरेक किलोमीटरचा वळसा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाची खोली मी गुहागरला घेतली आणि त्यांना निवांत दापोलीत फिरू दिलं. हर्णैचा मासळीचा लिलाव संध्याकाळी रंगतो, तो बघून निघू म्हणाले. वाटेत टायर पंक्चर झाला. जेट्टीवर पोचलो तेव्हा दिवे गेलेले आणि एक कुत्रं तेवढं जागं. चिपळूणमार्गे गुहागरला पोचायला मध्यरात्र उलटली. खोलीवाल्या काकूंनी जेवण झाकून ठेवलं होतं, पण ते खायचं त्राण कुणात नव्हतं. चूक माझी होती. खोली चांगली होती, फक्त खाडीच्या भलत्या बाजूला होती.

तेव्हापासून माझा नियम: बोट सकाळी किंवा भर दुपारी, आणि ज्या दिवशी संध्याकाळी काही बघायचं असेल त्या दिवशी झोपायचं खाडीच्या त्याच काठाला. म्हणून तुमच्या दोन रात्री मुरूड-आंजर्ल्याला ठेवल्या. हर्णै, कड्यावरचा गणपती, वाळूवर मुलांचा खेळ सगळं त्याच बाजूला. त्या दोन रात्रींनंतरच्या सकाळी साडेसातला निघायचं, दाभोळ ओलांडायची, गुहागरला जेवायचं, हेदवीचा दशभुज गणपती बघून तवसाळला यायचं आणि दुसरी बोट धरून अंधाराच्या आत रत्नागिरी गाठायची. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. या रस्त्याला रात्री दिवे नसतात आणि गुरं असतात.

गणपतीपुळ्यात मुक्काम का नाही, हे तुम्ही विचारणारच. डिसेंबर हा शाळांच्या सहलींचा महिना. मोठा हॉल असलेल्या कुठल्याही लॉजवर रात्री साडेदहाला दोन बसगाड्या रिकाम्या होतात आणि पहाटे पाचला आंघोळीच्या रांगा लागतात. मुलांचा दोष नाही, आपणही तेच केलंय. पण आईंना झोप मिळणार नाही. शिवाय त्या आठवड्यात संकष्टी आली तर गर्दी वेगळीच. त्यापेक्षा रत्नागिरीत राहा आणि दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने पुळ्याला जाऊन या. त्या रस्त्याला एका वळणावर दोन्ही किनारे एकदम दिसतात, तिथे गाडी बाजूला घ्यायला जागा आहे. मधल्या दोन रात्री शहरात असण्याचा आणखी एक फायदा कुणी लक्षात घेत नाही: डॉक्टर, औषधांचं दुकान, पंक्चरवाला, कपडे धुऊन मिळण्याची सोय. आठ दिवसांच्या सहलीत चौथ्या-पाचव्या दिवशी यातलं काहीतरी लागतंच. रत्नागिरीत समुद्र दिसणारी खोली नसली तरी चालेल. गरम पाणी आणि लिफ्ट बघा.

आता तुमचं 'सी व्ह्यू'.

गुहागर, मुरूड, केळशी, दिवेआगर या गावांची रचना एकदा समजून घेतली की हा शब्द किती फसवा आहे ते कळतं. गावातला रस्ता किनाऱ्याला समांतर. घर रस्त्याला लागून. घरामागे नारळी-पोफळीची लांबच लांब वाडी, वाडीच्या टोकाला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, गडग्यात एक बेडं, म्हणजे लहानसं फाटक, त्याच्या पलीकडे सुरूचं बन आणि मग वाळू. म्हणजे घर 'बीच टच' असतं हे खरं, पण समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. रात्री वाडीतून येणारा तो आवाज मला खिडकीतून दिसणाऱ्या समुद्रापेक्षा जास्त आवडतो, पण ही माझी आवड झाली. ज्यांना दिसायलाच हवा त्यांनी सड्यावरची हॉटेलं बघावीत. तिथून समुद्र पूर्ण दिसतो, सूर्यास्त गच्चीतून दिसतो, वारा भरपूर. पण दुपारी एक झाड नाही, जांभा (इथला लाल दगड) तापतो, आणि वाळूत पाय बुडवायचे तर गाडी काढून घाटी उतरून खाली यायचं. मुलं दिवसातून तीनदा समुद्रावर जायचं म्हणणार. तीनदा गाडी कोण काढणार?

तिसरा प्रकार खाडीकाठचा. शांत पाणी, पक्षी, होड्या. डास सगळ्यांत जास्त इथेच.

आठही जणांचा विचार करता, दिवेआगर आणि मुरूडला वाडीतलं घर घ्या. आईंसाठी मात्र एक गोष्ट विचारा: घरापासून वाळूपर्यंत चालत किती, आणि शेवटचा तुकडा मऊ वाळूचा आहे का. सुरूच्या बनातली कोरडी वाळू गुडघ्यांची परीक्षा बघते. त्यांना रोज समुद्रावर नेता येणार नाही हे आधीच धरून चाला, आणि ज्या घराला पुढे पडवी आहे, झोपाळा आहे, रस्त्यावरची ये-जा दिसते असं घर बघा. माझी आई आमच्या अशा सहलींत समुद्रापेक्षा सुपारी सोलणाऱ्या बायकांशी गप्पा मारण्यात जास्त रमायची.

दिवेआगर-श्रीवर्धनकडची जुनी छायाचित्रं बघून खोली ठरवू नका. ३ जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं आणि वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. नवी लावणी झालीय, पण पोफळीला वेळ लागतो. गर्द सावलीचे फोटो दिसले तर ते कधीचे आहेत ते विचारा. आजचा व्हिडिओ पाठवा म्हणावं, गेटपासून खोलीपर्यंत चालत चालत काढलेला. जो मालक लगेच पाठवतो त्याच्याकडे निम्मं काम झालं. हल्ली नकाशावरच्या हॉटेलांचे फोन नंबर बदलून ठेवून आगाऊ पैसे लाटणारे भामटे आहेत, त्यांनाही हा व्हिडिओ देता येत नाही.

फोन हीच खरी पाहणी. फोनवर मी दर विचारत नाही, दर शेवटी. आधी विचारतो, "गाडी दारापर्यंत येते ना?" कोकणातली कितीतरी सुंदर घरं पाखाडीवर आहेत, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांच्या वाटेवर. गाडी खाली देवळाशी, घर वर. एकदा देवबागच्या अलीकडे एका काकांनी मला सरळ सांगितलं, "लहान गाडी येता दारात. मोठी आसली तर देवळाकडे लावची लागतली." असं मोकळेपणाने अडचण सांगणारा माणूस भेटला की मी तिथेच ठरवून टाकतो. 'सगळं आहे, या तुम्ही' म्हणणाऱ्याची मला भीती वाटते.

मग पाणी. समुद्राजवळच्या विहिरी काही ठिकाणी मचूळ असतात. डिसेंबरात पाऊस संपून फार दिवस झालेले नसतात, त्यामुळे त्रास कमी, एप्रिल-मेमध्ये विचारू नका. खोलीत गेल्यावर आधी हात धुवा. साबणाला फेस येत नसेल तर त्या पाण्याने केस धुवायच्या भानगडीत पडू नका आणि प्यायला वेगळं पाणी मागा. गरम पाणी गीझरचं की बंबाचं हेही विचारा. बंबाचं असेल तर उत्तमच, आठ जणांना पुरतं, फक्त सकाळी ठरलेल्या वेळी. सौर असेल तर संध्याकाळी समुद्रावरून आल्यावर आंघोळ उरकून घ्या.

वीज जाते. 'बॅकअप आहे' याचा अर्थ बहुतेक ठिकाणी इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, एसी नाही. डिसेंबरात रात्री एसी लागतही नाही, लागते ती डासांची जाळी. म्हणून या महिन्यात मी बिगर-एसी, चारी बाजूंनी वारा खेळणारी आणि खिडक्यांना जाळ्या असलेली खोली घेतो आणि वाचलेल्या पैशांत सुरमई खातो. खारा वारा यंत्रांचा शत्रू आहे. कड्या-कोयंडे, नळ, एसीचं बाहेरचं खोकं यांवर गंज किती आणि ताजा रंग किती, एवढ्यावरून मालक घराकडे लक्ष देतो की नाही ते कळतं.

आईंसाठी विचारायचं ते वेगळं: तळमजला, कमोड, आणि खोलीच्या दाराशी पायऱ्या किती. 'एकच पायरी आहे' म्हणतात ती जांभ्याची, गुडघाभर उंच असू शकते. संडास-बाथरूम खोलीला लागून हवं. जुन्या घरांत ते मागच्या पडवीत असतं आणि रात्री दोनला मागचं दार उघडून जाणं त्यांना जमणार नाही.

एखादी गाडी चालकासह भाड्याने आणणार असाल तर त्याच्या झोपण्याची सोय आधी ठरवा. ही गोष्ट लोक हमखास विसरतात. दिवसभर घाटीची वळणं घेणारा माणूस रात्री गाडीतच पाय दुमडून झोपला तर दुसऱ्या दिवशी तुमचाच जीव त्याच्या हातात असतो.

जेवणाचं गणित हॉटेलच्या निवडीतच धरा. घरगुती ठिकाणी बहुतेक वेळा माणशी दर असतो: राहणं, चहा, नाश्ता, दोन जेवणं. मुलांचा दर निम्मा असतो का ते विचारा, सहा वर्षांच्या मुलाचे बरेच जण घेतच नाहीत. रात्रीचं जेवण दुपारी चारच्या आत सांगावं लागतं, कारण मासळी त्यानंतर आणायची असते आणि नारळ खवायचा असतो. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. तुम्ही लिहिलंय की 'पोचल्यावर बघू काय मिळतं'. पोचल्यावर वरण-भात मिळतो. मासळी कुठली मिळेल ते मालकावर सोडा. 'आज पापलेट चांगलं नाही, बांगडा घ्या' म्हणणारी काकू भेटली तर तिचं ऐका. आणि हो, देवळालगतच्या काही घरांत मांसाहार शिजत नाही. तुमच्यातल्या चौघांना मासळी आणि चौघांना शाकाहार हवाय, तेव्हा स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होतो का हे स्पष्ट विचारा. त्यात कुणाला वाईट वाटत नाही.

एक तक्ता कुठल्याही हॉटेलात भिंतीवर नसतो, तो तुमच्याकडे हवा: भरती-ओहोटीचा. किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, पक्ष शुक्ल असो की वद्य. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती आणि साधारण सहा तास आधी, सकाळी दहाच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला पुरतं. दिवेआगरहून निघाल्यावर शेखाडीच्या रस्त्याने, म्हणजे डावीकडे डोंगर आणि उजवीकडे थेट पाणी अशा वाटेने, श्रीवर्धनवरून तुम्ही हरिहरेश्वरला जाल. तिथली प्रदक्षिणेची वाट खडकांवरून आहे आणि ती ओहोटीलाच करायची. भरतीला तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. तिथी बघा, सकाळची ओहोटी असेल तर प्रदक्षिणा करून बागमांडल्याची बोट धरा. नसेल तर देवदर्शन करा आणि वाट पुढच्या वेळेला ठेवा. आईंनी ती वाट कुठल्याही तिथीला करू नये.

रत्नागिरी ते मालवण हा तुमचा सगळ्यात लांब दिवस. पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, जैतापूर, देवगड, कुणकेश्वर, आचरा. आठला निघालात आणि थांबत थांबत गेलात तर पाचपर्यंत पोचाल. या टप्प्यात ऐन वेळी मिळणाऱ्या चांगल्या खोल्या विरळ आहेत, म्हणून दुपारी दोनला देवगडपर्यंत पोचला नसाल तर हट्ट न करता कुणकेश्वरला राहा. एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) निवासस्थान तिथे आहे, आणि हंगामाच्या मधल्या वारी जागा मिळण्याची शक्यता बरी असते. तेवढ्यासाठी मालवणच्या पहिल्या रात्रीचं बुकिंग करतानाच 'एक दिवस पुढे ढकलता येईल का' हे विचारून ठेवा.

मालवणला तारकर्ली-देवबागची बाजू घ्या, मुलांसाठी. देवबाग म्हणजे एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी आणि मध्ये चिंचोळी पट्टी. दोन्हीकडे घरगुती निवास आहेत. समुद्राकडचं घर देखणं, नदीकडचं सोयीचं, कारण बोटी तिथून सुटतात. संगमावरचा वाळूचा दांडा ओहोटीला उघडा पडतो, तेव्हा इथेही पुन्हा तिथी. समोर भोगवे दिसतं म्हणून 'तिकडे जेवून येऊ' म्हणाल, तर गाडीने मोठा वळसा आहे. बोटीने जा.

बुकिंग केव्हा? डिसेंबरचा दुसरा आठवडा बरा आहे. सोमवार ते गुरुवार दरात घासाघीस होते, शुक्रवार-शनिवार नाही. २४ तारखेनंतर मात्र सगळं बदलतं, दर दुप्पट आणि किमान तीन रात्रींची अट. तुम्ही पहिला आणि शेवटचा मुक्काम आत्ताच पक्का करा, मधले दोन तोंडी सांगून ठेवा आणि दोन दिवस आधी आगाऊ रक्कम पाठवा. आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवसांत असला मोकळेपणा करू नका. ती तारीख देवीच्या कौलाने ठरते, आणि ठरली की मालवण तालुक्यात खाट मिळत नाही. तुमच्या वेळेला ती नाही, पण गावोगावच्या लहान जत्रा चालू असतील. मालवणच्या यजमानांना विचारून ठेवा, जवळपास कुठे दशावतार, म्हणजे इकडचं लोकनाट्य, आहे का. रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. मुलं पहिल्या संकासुराला, म्हणजे राक्षसाच्या सोंगाला, दचकतात आणि मग झोपायचं नाव घेत नाहीत.

परतीला मालवणहून फोंडा घाटाने राधानगरीवरून कोल्हापूर गाठा. सहाला निघायचं असेल तर हिशेब आदल्या रात्रीच चुकता करा आणि काकूंना फक्त चहा सांगा. नाश्त्याला थांबलात तर घावणे येतात, मग रसातल्या शेवया येतात, आणि नऊ वाजतात.